अटलांटिकपारच्या योरुबा बायकांचा माग: नव्या संशोधकासाठी वाटाड्या

योरुबा म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले, आजच्या नैऋत्य नायजेरियाकडचे लोक; त्यांतल्या पुष्कळ बायका गुलाम म्हणून अटलांटिकपार नेल्या गेल्या. त्यांच्यावर प्रबंध लिहायचा असा विषय पक्का झाला, मार्गदर्शकांनी मान डोलावली, आणि तुम्ही उत्साहाने अभिलेखागाराच्या सूचीत पहिला शब्द टाकलात: योरुबा. जोडीला 'स्त्री'. उत्तर आलं शून्य. किंवा आलीच तर विसाव्या शतकातली चार पुस्तकं. हे सगळ्यांचंच होतं, माझंही झालं. मी तर आठवडाभर समजत होते की कागदच नाहीत. कागद ढीगभर होते, मी चुकीच्या नावाने हाका मारत होते.

आधी शब्द बदला

1830 साली ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहराच्या रस्त्यावर भाजी विकणारी बाई स्वतःला योरुबा म्हणवत नव्हती. तो शब्द तेव्हा मुख्यतः ओयो राज्याच्या लोकांसाठी वापरला जाई. त्याचा आजचा रुंद अर्थ एकोणिसाव्या शतकात मिशनरी, बायबलचे अनुवादक आणि सिएरा लिओनहून परतलेले शिकलेसवरलेले लोक यांच्या हातून घडत गेला. ती स्वतःला सांगायची एग्बा, इजेशा, इजेबू, ओयो. म्हणजे आपलं गाव, आपलं राज्य. समुद्र ओलांडला की तिला दुसरंच लेबल चिकटायचं. ब्राझीलमध्ये ती 'नागो' झाली, क्युबात 'लुकुमी' आणि सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये 'अकू'. अकू हे नाव तर त्या लोकांच्या नमस्कारावरून पडलं. योरुबात प्रत्येक प्रसंगाचं अभिवादन वेगळं, आणि बहुतेकांची सुरुवात 'ए कू' अशी. ऐकणाऱ्यांना तेवढंच कळलं.

म्हणून शोधाची यादी आधी कागदावर लिहून काढा: नागो, लुकुमी, अकू, ओयो आणि त्याचं जुनं रूप एयो, एग्बा, इजेबू आणि नुसतं जेबू, इजेशा. प्रत्येकाची इंग्रजी, पोर्तुगीज, स्पॅनिश अशी दोन-तीन स्पेलिंगं धरा. 'मीना' हा शब्दही ठेवा, पण जपून. ब्राझीलच्या कागदांत तो पश्चिम आफ्रिकेच्या त्या सगळ्या किनाऱ्याला लावलेला सापडतो आणि त्याचा अर्थ गावागणिक बदलतो. उलटही खरं आहे. लुकुमी म्हणून नोंदलेली प्रत्येक बाई योरुबा बोलत असेलच असं नाही. लेबल लावणारा कारकून होता, व्यापारी होता, पाद्री होता, आणि त्याला घाई होती.

एक किनारा, तीस वर्षं

'अटलांटिक जगातील योरुबा स्त्रिया' हा प्रबंधाचा विषय नाही, जन्माचा विषय आहे. एक बंदर घ्या आणि तीसेक वर्षं घ्या.

वर्षं निवडताना एवढा पट डोळ्यांसमोर असू द्या. ओयोचं बलाढ्य राज्य एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत कोसळलं. पाठोपाठ शतक संपत येईपर्यंत लढाया चालल्या. इबादान आणि आबेओकुता ही शहरं त्याच पळापळीतून 1830च्या आगेमागे उभी राहिली. पकडलेली माणसं लागोस, बादाग्री, उइदा या बंदरांतून जहाजांवर चढली. इंग्लंडने 1807 मध्ये आपल्या लोकांना हा गुलामव्यापार बंद केला होता, पण ब्राझीलने तो खऱ्या अर्थाने 1850 मध्ये थांबवला आणि क्युबात तो 1860च्या दशकात शिरेपर्यंत चालला. म्हणून योरुबा बोलणारे लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत पोचले ते अगदी शेवटच्या टप्प्यात, आणि पोचले ते मुख्यतः बाइया, म्हणजे साल्व्हादोर ज्यात येतं तो ब्राझीलचा प्रांत, आणि क्युबात. ज्या जहाजांना ब्रिटिश आरमाराने अडवलं, त्यांवरची माणसं फ्रीटाउनला उतरवली गेली. 1851च्या डिसेंबरात ब्रिटिशांनी लागोसवर तोफा डागल्या, 1861 मध्ये ते ताब्यातच घेतलं. मग ब्राझील-क्युबाहून आणि सिएरा लिओनहून माणसं तिथे परत येऊ लागली. पहिल्यांना लागोसमध्ये 'आगुदा' म्हणत, दुसऱ्यांना 'सारो'.

यात तुमचा तुकडा कुठला? माझं मत विचाराल तर भाषेवरून ठरवा. पोर्तुगीज येत असेल, निदान शिकायची तयारी असेल, तर बाइया. स्पॅनिश असेल तर क्युबा, विशेषतः मातान्सास प्रांत. दोन्ही नसेल तर फ्रीटाउन किंवा लागोस, तिथले बरेचसे कागद इंग्रजीत आहेत. गोव्यात घरी आजी-आजोबांचं पोर्तुगीज कानावर पडलेल्यांना इथे सरळ आघाडी मिळते, तिचा फायदा घ्या.

कागद कुठे आहेत

घरबसल्या सुरू करता येईल असं बरंच आहे. 'स्लेव्ह व्हॉयेजेस' या खुल्या डेटाबेसमध्ये 36,000हून जास्त जहाजफेऱ्या आहेत. जहाज कुठून निघालं, कुठे लागलं, किती माणसं चढली आणि किती उतरली, हे तिथे सापडतं. सगळ्या अटलांटिक व्यापारात आफ्रिकेतून चढवलेल्यांचा अंदाज सव्वा कोटीचा आहे, उतरलेल्यांचा एक कोटी सात लाखांच्या आसपास. मधली तफावत समुद्रात गेली. पण हा आकडेवारीचा दगड हातात धरून फार वेळ बसू नका. त्यातून बाई दिसत नाही, फार तर तिचं प्रमाण दिसतं.

बाई दिसते ती रजिस्टरांत. सिएरा लिओनला उतरवलेल्या लोकांच्या नोंदवह्यांत नाव, लिंग, वय, उंची आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असत. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या अशा वह्यांची छायाचित्रं ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दप्तरांच्या प्रकल्पातून फुकट पाहता येतात. क्युबा आणि ब्राझीलच्या चर्चची बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूची पुस्तकं व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या 'स्लेव्ह सोसायटीज डिजिटल आर्काइव्ह'मध्ये आणि 'फॅमिलीसर्च'वर मिळतात. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात तीन दप्तरांचे क्रमांक पाठ करून ठेवा: एफओ 84 म्हणजे गुलामव्यापाराचा परराष्ट्र पत्रव्यवहार, सीओ 147 म्हणजे लागोस, सीओ 267 म्हणजे सिएरा लिओन. चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्यांच्या दैनंदिन्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी संशोधन ग्रंथालयात आहेत. बायकांची भांडणं, बाजारभाव, सुनांचं पळून जाणं हे सगळं त्यांत आहे, कारण पाद्र्याला तक्रार करायची खोड होती.

ब्राझीलबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच की तिथले गुलामगिरीचे कागद जाळून टाकले. अर्थमंत्री रुई बार्बोझाने 1890च्या डिसेंबरात तसा हुकूम काढला होता हे खरं. पण त्यात मुख्यतः महसुली खात्याचे कागद गेले. नोटरींच्या वह्या, मृत्युपत्रं, खटले, पासपोर्टांच्या नोंदी आणि चर्चची पुस्तकं राहिली. साल्व्हादोरचं राज्य अभिलेखागार त्यांनी भरलेलं आहे. हे ऐकून विषय सोडलेले दोन जण मला माहीत आहेत, म्हणून लिहून ठेवलं.

आणि हो, 1929चं 'बायकांचं युद्ध' या विषयात ओढू नका. ते नायजेरियातलंच, पण आग्नेयेकडच्या इग्बो आणि त्यांच्या शेजारच्या समाजांचं. योरुबा बाजूला करविरोधी आंदोलन हवं असेल तर 1947चं आबेओकुता बघा. फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांच्या पुढाकाराने बाजारातल्या बायका उठल्या आणि 1949च्या सुरुवातीला तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. रॅन्सम-कुटी यांची कागदपत्रं इबादान विद्यापीठाच्या केनेथ डाइक ग्रंथालयात आहेत.

एक ओळ वाचून बघू

समजा, फ्रीटाउनच्या रजिस्टरासारखी ही ओळ समोर आहे. सरावासाठी मी रचलेली आहे, पण घाट तोच: 'आयेना, मुलगी, वय 11, उंची चार फूट तीन इंच, दोन्ही गालांवर व्रण'.

पहिला प्रश्न, नाव कोणी उच्चारलं आणि कोणी लिहिलं? मुलगी बोलली, बहुधा तिच्याच भाषेतल्या दुभाषाने ऐकलं, इंग्रज कारकुनाने कानाला जसं वाटलं तसं टाकलं. म्हणून स्पेलिंग डोळ्याने वाचू नका, मोठ्याने म्हणा. आयेना, आयना, आयना! हे योरुबा नाव आहे आणि ते आईबापांनी आवडीने निवडलेलं नाही. गळ्याभोवती नाळ गुंडाळून जन्मलेल्या मुलीला ते आपोआप मिळतं. अशी जन्मासोबत येणारी नावं योरुबात पुष्कळ आहेत. पायाळू मूल इगे, जुळ्यांतलं पहिलं ताइवो आणि दुसरं केहिंदे, त्यांच्या पाठीवरचं इदोवू, जटा घेऊन आलेलं दादा. आजी गेल्यावर जन्मलेली मुलगी येतुंदे, म्हणजे आई परत आली. आपल्याकडे पायाळू माणसाला उसण भरली की लाथ मारायला बोलावतात, पण त्याचं नाव कोणी पायाळू ठेवत नाही. योरुबांनी ती खूण थेट नावात घातली. कारकुनाने फक्त एक आवाज लिहिला, आणि त्यातून तुम्हाला बाळंतपणाच्या खोलीतली एक गोष्ट कळली. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या मुलीबद्दल इतकी खासगी माहिती दुसऱ्या कुठल्या कागदातून मिळेल?

गालांवरचे व्रण म्हणजे कुळाच्या, गावाच्या खुणा असू शकतात. कारकुनाने त्यांचा आकार लिहिला असेल तर उतरवून घ्या. वय मात्र अंदाजपंचे असतं. मुलगी आणि बाई यांच्यातली रेघ पुष्कळदा उंचीवरून मारलेली दिसते, म्हणून 'अकरा वर्षं' यावर सिद्धान्त बांधू नका.

दुसरी आयना इतिहासात प्रसिद्ध आहे. एग्बादो भागातल्या ओके-ओदान गावची, जन्म 1843च्या सुमारास. 1848 मध्ये शेजारच्या दाहोमी राज्याच्या फौजेने गाव लुटलं, ती तिथला राजा गेझो याच्या दरबारी पोचली. 1850 मध्ये त्याने तिला कॅप्टन फोर्ब्झ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला भेट म्हणून दिलं. फोर्ब्झने तिला स्वतःचं आडनाव दिलं आणि आपल्या जहाजाचंही: सारा फोर्ब्झ बोनेटा. व्हिक्टोरिया राणीने तिच्या शिक्षणाचा भार उचलला, 1862 मध्ये ब्रायटनला थाटात लग्न झालं, 1880 मध्ये ती मडेरा बेटावर वारली. एक नाळेचं नाव, एक बायबलमधलं, एक माणसाचं, एक बोटीचं, आणि शेवटी नवऱ्याचं. कुठल्या नावाखाली कुठल्या देशात कागद सापडेल याचा हा नकाशाच समजा, आणि तुमच्या प्रत्येक बाईसाठी असा नकाशा काढा.

बाइयात हे काम अवघड होतं. तिथे बाप्तिस्म्यानंतर हजारो जणी 'मारिया नागो' होतात. मग दोरा पकडायचा मालकाच्या नावाचा, चर्चच्या परगण्याचा आणि सालाचा. सगळ्यांत उपयोगी कागद म्हणजे आल्फोरिया, मुक्तीचं पत्र. मालक लिहून देतो की अमुक नावाची, नागो जातीची माझी गुलाम इतके पैसे घेऊन, किंवा मी मरेपर्यंत सेवा करील या अटीवर, मुक्त झाली. त्याची नोंद नोटरीच्या वहीत होते. पैसे कुठून आले? पुष्कळ जणी 'गान्यादेरा' होत्या: डोक्यावर टोपली घेऊन शहरभर विकायचं, ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वरचं आपलं. शहरात गुलामांमधल्या बायकांना मुक्ती मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, त्यात या वरच्या पैशाचा मोठा हात आहे.

अक्षर वाचायला शिकावं लागेल. मोडी वाचणाऱ्यांना हे दुःख नवं नाही. जुन्या पोर्तुगीज हस्ताक्षरात मारिया, फ्रान्सिस्का ही नावं दोन-तीन अक्षरांत उरकून शेवटचं अक्षर वर टांगलेलं असतं. आपण 'मु. पो.' आणि 'चि. सौ. कां.' लिहितो तसंच. रोज एक पान, महिनाभर. दुसरा उपाय नाही.

भाषा, आणि ती की तो

योरुबा न शिकता हा विषय करणारे आहेत. करू नका. बोलता आली नाही तरी शब्दकोश उघडता येण्याइतकी हवीच. सुरांची भाषा आहे, तीन पट्ट्या. देवनागरीत 'ओको' असं लिहिलं तर त्यात नवरा आहे, कुदळ आहे, होडी आहे आणि भालाही; फरक फक्त सुरांच्या चढउताराचा. म्हणून टिपणं काढताना योरुबा शब्द त्याच्या खुणांसकट रोमनमध्येच उतरवा. नंतर आठवणार नाही. जुने अर्थ हवेत तर सॅम्युअल अजायी क्राउथरचा 1843चा शब्दसंग्रह पाहा. तो स्वतः लहानपणी पकडला गेलेला आणि 1822 मध्ये ब्रिटिश जहाजाने सोडवून फ्रीटाउनला आणलेला.

मराठी माणसाला इथे एक गंमतशीर अडचण येते. योरुबाच्या सर्वनामात तो आणि ती वेगळे नाहीत. भावंडांसाठीचे मूळ शब्द आहेत एग्बोन आणि अबुरो: मोठं भावंड आणि धाकटं. ताई की दादा हे त्यातून कळत नाही. याउलट आपण 'आला' की 'आली' हे ठरवल्याशिवाय वाक्य पूर्ण करू शकत नाही. मी एका म्हणीचा अनुवाद करताना नकळत 'तो' वापरून बसले आणि दोन पानं त्या 'तो'वर युक्तिवाद उभा केला. मूळात पुरुष नव्हताच, तो माझ्या क्रियापदाने आणला होता.

यावरच या क्षेत्रातला मोठा वाद आहे. ओयेरोंके ओयेवुमी यांनी 1997 मध्ये मांडलं की जुन्या ओयो समाजात माणसाची जागा लिंगावरून नव्हे, वयाच्या मोठेपणावरून ठरे, आणि 'स्त्री' हा गट वसाहतवादी नजरेने तिथे बसवला. नवऱ्याच्या घरातल्या मुलीही सुनेच्या दृष्टीने 'ओको'च, म्हणजे नवराच. नणंदेला नवरा म्हणायचं! आपल्याकडच्या सुनांना यातली सत्ता समजावून सांगावी लागणार नाही. त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली: भाषेत लिंग नाही म्हणून समाजात नाही असं होत नाही, सून तर बाईच असायची. मला टीकाकारांचं बरचसं पटतं, पण ओयेवुमी आधी वाचा. त्यांच्यामुळे निदान प्रत्येक कागदापाशी थांबून 'हिला बाई म्हणून लिहिलंय की धाकटी म्हणून' एवढं विचारायची सवय लागते.

'इयावो' हा शब्द बघा. घरात नवी आलेली बायको. पण ओरिशाची, म्हणजे देवाची दीक्षा घेतलेली नवखी व्यक्तीही इयावोच, मग ती पुरुष का असेना. हाच शब्द समुद्र ओलांडून ब्राझीलच्या कान्दोंब्लेत, म्हणजे ओरिशांच्या तिथल्या उपासनापंथात, 'इयावो'च्याच जवळपास उच्चारात टिकला आणि क्युबातही. शब्दांचा असा प्रवास प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण होऊ शकतो.

नामांकित बायकांपासून सावध

नवखा संशोधक नामांकित बाईकडे ओढला जातो. साहजिक आहे. पण आधी विचारा, हे आपल्याला कोणी सांगितलं?

लुइझा माहीन घ्या. साल्व्हादोरमध्ये 1835च्या जानेवारीत मुसलमान आफ्रिकी गुलामांनी आणि मुक्तांनी उठाव केला, त्याची ती नायिका म्हणून आज रस्तोरस्ती नाव आहे. तिच्याबद्दलचा आधार मात्र एकच: तिचा मुलगा, वकील आणि गुलामगिरीविरोधी कवी लुइझ गामा, याने 1880 मध्ये एका मित्राला लिहिलेलं पत्र. त्यात तो म्हणतो की आई मुक्त आफ्रिकी होती, नागो होती, भाजीफळं विकायची, गुलामांच्या कटात सामील असल्याच्या संशयावरून एकाहून जास्त वेळा तिला अटक झाली. 1835च्या उठावाचं नाव त्यात नाही, आणि खटल्यांच्या कागदांत ती सापडलेली नाही. मग ती खोटी का? नाही. आठवणीतली आई आणि चळवळीने मोठी केलेली नायिका हे दोन वेगळे विषय आहेत, दोन्ही चांगले आहेत, फक्त एकाचा पुरावा दुसऱ्याला लावू नका. क्युबाच्या कार्लोटाचंही थोडं तसंच. 5 नोव्हेंबर 1843ला मातान्सासच्या त्रियुनविरातो साखर कारखान्यातल्या उठावात ती होती, हे नंतरच्या जबान्यांतून कळतं. 1975 मध्ये क्युबाने अंगोलात सैन्य पाठवलं त्या मोहिमेला तिचं नाव दिलं, आणि त्यानंतर तिची मूर्ती कागदापेक्षा खूप उंच झाली.

उलट दिशेचं उदाहरण इबादानची एफुनसेतान अनिवुरा. इयालोदे म्हणजे नगरातल्या बायकांची प्रमुख, सरदारांच्या सभेत बसणारी. मोठी व्यापारी, मोठी जमीनदार. 1874 मध्ये शहराच्या लष्करी प्रमुखाच्या, लातोसाच्या, चिथावणीने तिचा खून झाला. एकुलती मुलगी बाळंतपणात गेल्यावर ती क्रूर झाली, गुलामांचा छळ करू लागली, असं कथेत येतं आणि नाटक-सिनेमांनी ते घट्ट केलं. इतिहासकार बोलान्ले आवे यांनी दाखवून दिलं की तिचा लातोसाच्या सततच्या लढायांना विरोध होता आणि दारूगोळा उधार द्यायचं तिने बंद केलं होतं. कर्ज बुडवणाऱ्याने सावकारणीला चेटकीण ठरवावं, यात नवल नाही.

पण तेवढ्याने ती साधी ठरत नाही. तिच्याकडे गुलाम होते. लागोसची मादाम तिनुबू, जिला 1856 मध्ये ब्रिटिश कॉन्सलने शहराबाहेर घालवलं आणि जी 1864 मध्ये आबेओकुतात इयालोदे झाली, तिची संपत्ती तंबाखू, मीठ, बंदुका आणि माणसं यांच्या व्यापारातून आली. बाइयात मुक्त झालेल्या आफ्रिकी बायकांच्या मृत्युपत्रांत सोन्याच्या साखळ्यांच्या शेजारी गुलामांची नावं येतात. पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा येतो. ते टाळून 'सबल स्त्री'चं चित्र रंगवू नका.

सर्वांत चांगलं संशोधन या वलयाबाहेर झालंय. साल्व्हादोरच्या कासा ब्रांका या जुन्या कान्दोंब्ले मठाची संस्थापक इया नासो ही शतकभर नुसती आख्यायिका होती. लिसा अर्ल कास्टिलो आणि लुईस निकोलाउ पारेस यांनी नोटरींच्या वह्या, चर्चच्या नोंदी आणि पासपोर्ट जोडत दाखवलं की ती फ्रान्सिस्का दा सिल्वा नावाची मुक्त आफ्रिकी बाई होती. 1835च्या धरपकडीत तिची मुलं अडकली, 1837 मध्ये ती आफ्रिकेला परतली. सोबत होती मार्सेलिना दा सिल्वा, जी आधी तिचीच गुलाम होती आणि पुढे ब्राझीलला येऊन त्याच मठाची प्रमुख झाली. हे काम पाहा, पद्धत उचला.

कवड्यांचा हिशेब

छोटी गोष्ट, पण इथे सगळे अडखळतात. किनाऱ्यावरचे भाव कवड्यांत लिहिलेले असतात. योरुबा प्रदेशात 40 कवड्यांची एक माळ, 50 माळांचं एक 'डोकं' म्हणजे 2,000, दहा डोक्यांची एक पिशवी म्हणजे 20,000. आपण 'कवडीमोल' म्हणतो, तिथे कवडी हेच मोल होतं. या कवड्या मूळच्या मालदीवच्या, हिंदी महासागरातून फिरून तिथे पोचलेल्या. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ आणि लागोसच्या बाजारातली पिशवी एकाच समुद्राची. 1840च्या दशकापासून झांझिबारच्या मोठ्या कवड्या ओतल्या गेल्या आणि भाव घसरला. म्हणून 1830ची रक्कम आणि 1870ची रक्कम शेजारी मांडून 'बायका श्रीमंत झाल्या' असं लिहू नका. सोळा कवड्यांनी कौल लावणं हे बायकांच्याही हातातलं काम. त्याचं योरुबा नाव शब्दशः 'वीसला चार कमी'. एकोणीस म्हणणाऱ्यांना यात अवघड काही नाही.

गाणी, घरं आणि प्रवास

कागदाबाहेर ओरिकी आहेत: माणसाची, कुळाची, गावाची स्तुतिवचनं. ती मुख्यतः बायकाच म्हणतात आणि त्यांत जुन्या लढाया, स्थलांतरं, नाचक्कीसुद्धा साठलेली असते. सलग इतिहास त्यात शोधाल तर हाती काही लागणार नाही. जात्यावरच्या लाखभर ओव्या आपल्याकडे जमवल्या गेल्यात, त्यांतून सनावळी निघत नाही पण सासर निघतं, हे ज्याला कळतं त्याला ओरिकी वापरता येईल.

कान्दोंब्लेच्या घरात जायचं तर आधी परवानगी, मग प्रमुख बाईची वेळ, मग बरंच काही नुसतं बसून राहणं. शुक्रवारी पांढरे कपडे घाला. फोटो, ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय नाही. दीक्षेबद्दल प्रश्न विचारलात आणि समोरची बाई स्वयंपाकाबद्दल बोलू लागली, तर उत्तर मिळालं असं समजा.

प्रवासाचं एकच सांगते, कारण बाकी इतर कुठेही मिळेल. नायजेरिया, बेनिन, सिएरा लिओन किंवा ब्राझीलहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी झालेली हवी. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरण. अधिकृत लसकेंद्रं मोजकी असतात आणि तारखा पटकन भरतात, तिकिटाआधी तारीख घ्या. अभिलेखागारात पेन्सिल, टॉर्च, पॉवर बँक आणि ओळखपत्राच्या दहा प्रती न्या. एका ठिकाणी मला दप्तर मिळायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी ज्या वयस्क कर्मचारी बाईंनी ते आणलं, त्यांनीच सांगितलं की मला हवा होता तो गठ्ठा सूचीत दुसऱ्याच सालाखाली आहे. पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोलले असते तर?

टिपणवही

पहिल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा. प्रत्येक ओळ म्हणजे एक बाई नाही, एक नोंद. रकाने: कागदातलं नाव जसंच्या तसं, तुमच्या मते मूळ नाव, लेबल, मालक किंवा नातलग, ठिकाण, तारीख, लिहिणारा कोण, आणि त्याने ते का लिहिलं. शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नका. विकायला, कर लावायला, बाप्तिस्मा द्यायला, शिक्षा करायला, सोडायला, काहीतरी असतंच.

दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत असं वाटलं तर नावावरून जोडू नका. मालक, ठिकाण, नातं, वर्ष यांतल्या निदान तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. दोनच जुळत असतील तर वेगळी फाइल करा आणि तिथे टाका. माझ्या त्या फाइलचं नाव 'बहुतेक तीच' असं आहे. मुख्य फाइलपेक्षा ती बरीच जाड झालीय, आणि दर सहा महिन्यांनी मी ती पहिल्यापासून वाचते.